दिंड कुणाचे?

गेल्या श्रावणात आमच्या घरात एका पदार्थावरून थोडी वादावादी झाली. ती आमच्या एकट्याच्या घरची नसावी, असे वाटल्यावरून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

आमचे माहेर सोनई. नेवासे तालुक्यातले, शनिशिंगणापूरच्या अंगाला असलेले हे गाव. आमच्या त्या भागात श्रावणातल्या पंचमीला पुरणाचे दिंड करतात. लग्न होऊन आम्ही नगरला आलो, तरी ही चाल सोडली नाही. गेल्या वर्षी मात्र पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली, तेव्हा सूनबाई जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. यंदा दिंड राहू द्या."

"का गं?"

"विहारात परवा एका ताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तुमच्याकडं अजून पंचमी करतात का? मला काय बोलावं तेच सुचेना. आपण नागोबाला पुजत नाही, वारुळाला जात नाही. मग दिंड कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही डाळ डब्यात परत ओतली. त्या वर्षी आमच्या घरी दिंड झाले नाहीत.

चार दिवसांनी नातू पुण्याहून सुटीला आला. तो तिथे कॉलेजात शिकतो. चप्पल काढता काढताच म्हणाला, "आजी, मी चिनी दिंड खाल्लं!" आम्हाला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. मग त्याने बैजवार सांगितले. मित्राच्या वाढदिवसाला सगळे एका चिनी हॉटेलात गेले होते. शेवटी बांबूच्या गोल टोपलीत पांढरेशुभ्र, मऊ, वाफाळलेले गोळे आले. फोडले तर आत लालसर गोड पुरण. "चव वेगळी होती, पण जात आपल्या दिंडाचीच. आणि एकाची किंमत ऐकशील तर तू आख्ख्या गल्लीला दिंड घालशील!" मग इकडेतिकडे बघत त्याने विचारले, "आपले दिंड कुठायत? ठेवले नाहीत का माझ्यासाठी?"

सूनबाईने आमच्याकडे पाहिले, आम्ही तिच्याकडे. यातूनच आजचा विषय निघाला.

आता तो चिनी पदार्थ काय आहे, ते आधी पाहू. आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत चायनीजच्या गाड्या पोचल्या आहेत. त्यांवर नूडल्स मिळतात, मंचुरियन मिळते, पण चिनी माणूस घरी जे खातो त्यातले फारच थोडे मिळते. चीनच्या उत्तर भागात गहू पिकतो. तिथले लोक गव्हाच्या पिठाची पोळी भाजण्यापेक्षा पीठ आंबवून, फुगवून त्याचे गोळे वाफेवर शिजवतात. आत सारण नसलेल्या साध्या गोळ्याला ते मांतोउ म्हणतात. सारण भरलेला तो बाओ. सारण तिखट, भाजीचे किंवा मांसाचे असते, तसे गोडही असते. गोडात आवडीचे म्हणजे लाल कडधान्याच्या पुरणाचे. त्याला दोउशाबाओ असे नाव आहे. कमळाच्या बियांचे पुरणही घालतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा वाढदिवस असला, म्हणजे अशाच गोळ्यांना पीच फळाचा आकार देऊन, वर गुलाबी रंगाचा हात फिरवून ते मांडतात. दीर्घायुष्याची ती खूण आहे.

हे लाल कडधान्य दिसायला बारक्या चवळीसारखे. मूग, उडीद, मटकी आणि चवळी ही ज्या कुळातली, त्याच कुळातले ते आहे. पुरणाची रीत वाचली तर आपलीच गृहिणी समोर उभी आहे असे वाटते. कडधान्य भिजवायचे, मऊ शिजवायचे, वाटून चाळणीतून काढायचे, मग साखर घालून कढईत घट्ट होईपर्यंत आटवायचे. आपण तुपाचा हात लावतो, तिथे ते तेल घालतात, पुष्कळदा डुकराची चरबीही घालतात. फरक मुख्य दोन. आपण पारीचे पीठ आंबवत नाही, ते आंबवतात. आपण गव्हाची कणीक घेतो, ते पांढरा मैदा घेतात. म्हणून त्यांचा गोळा पावासारखा फुगतो आणि आपले दिंड पातळ पारीचे, पुरणाला चिकटून बसलेले राहते.

आता आपले दिंड. पंचमीच्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही, खणायचे नाही, असा आमच्याकडचा जुना दंडक. तवा नाही म्हणजे पोळी नाही, कढई नाही म्हणजे करंजी नाही. मग सणाला गोड करायचे कसे? कुण्या शहाण्या बाईने वाट काढली. पोळीचेच पुरण, पोळीचीच कणीक, पण भाजण्याऐवजी वाफवायचे. कोकणात तांदूळ, तर तिथे उकडीचे मोदक झाले. आमच्या नगरकडे गहू आणि हरभरा, तर इथे दिंड झाले. बंदी घालणारे कोण होते ते त्यांना ठाऊक. त्या बंदीतून पदार्थ काढला तो मात्र बाईच्या हाताने आणि बाईच्या अकलेने.

त्या पंचमीचा आमच्या लहानपणीचा अर्थ मात्र वेगळा होता.

आमची आई दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाई. पंचमीला खणायचे नाही, कापायचे नाही, म्हणजे त्या दिवशी खुरपे बंद. खुरपे बंद म्हणजे रोज बंद. मालकाच्या घरी सण आणि आमच्या घरी खाडा. नागाला इजा होऊ नये म्हणून एक दिवस जमीन उकरायची नाही, असे सगळे सांगत. त्या दिवसाची मजुरी कुणी भरून द्यावी, याबद्दल मात्र कुणी बोलत नसे.

त्याच्याही आधीची, आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट याहून कडू आहे. त्या काळी आमच्या लोकांकडे येसकरकी होती. गावची कामे करायची आणि सांजच्याला घरोघर भाकरी मागून आणायची. सणासुदीला भाकरीबरोबर गोडाचा तुकडा मिळे, तोही वरून टाकलेला, शिळा झालेला. आजी सांगायची, "दिंड आम्ही खायचो, पण सगळ्या गावाचं उष्टं एका टोपल्यात. कुणाचं कुठलं ते कळायचं नाही." बाबासाहेबांनी हे तुकडे सोडायला सांगितले. १९५६ सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांनी टोपले उचलायचे बंद केले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. टोपले गेले, त्याबरोबर गोडही गेले. काही वर्षे पंचमीला आमच्या घरी चूल रोजच्यासारखीच पेटे.

मग आमच्या आईने एका वर्षी ठरवले. खुरपणीच्या पैशांतून तिने दुकानातून हरभऱ्याची डाळ आणली, गुळाचा खडा आणला. त्या दिवशी चिरायचे नाही हे सवयीने तिच्या अंगात होते, म्हणून आदल्या रात्री गूळ वरवंट्याने ठेचून ठेवला. मोदकपात्र कुठले असणार? पितळी पातेल्यात पाणी ठेवले, तोंडावर धुतलेले फडके ताणून बांधले, त्यावर दिंड मांडले आणि वरून ताट झाकले. आजी चुलीपुढे बसून बघत होती. पहिले दिंड तिच्या हातात दिले, तेव्हा ती बराच वेळ ते नुसते धरून होती. मग म्हणाली, "हे आपलं हाय. कुणी टाकल्यालं न्हाई."

नाग, वारूळ, पूजा यातले त्या घरात काहीही नव्हते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो होता आणि चुलीवर आमचे स्वतःचे दिंड होते.

१९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली. त्या पंचमीला डाळ मिळाली नाही. आईने ओंजळभर गव्हाची कणीक कुठून तरी आणली आणि रिकाम्या घड्या वाफवल्या. सोबत पातळ गुळवणी. आम्ही भावंडांनी कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "पुरण पुढच्या साली. औंदा नुसती घडी खावा." चिनी माणसे बिनसारणाचा गोळा जेवणात रोजच खातात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक असते तर आम्ही कमी रडलो असतो!

पुढे मुळा धरणाचे पाणी कालव्याने फिरले, ऊस आला, सोनईत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गूळसाखरेचे दुर्भिक्ष संपले. शेजारपाजारची ताटेही आमच्या घरी येऊ लागली, आमचे ताट त्यांच्याकडे जाऊ लागले. पण ताट फिरले म्हणजे जात गेली, असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. काही घरांतून आमचे ताट झाकलेलेच परत येई, पदार्थ गायीला घातल्याचे मागाहून कळे. आणि २०१३ सालच्या १ जानेवारीला याच सोनईत तीन दलित तरुणांची जातीपायी हत्या झाली. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने दोषींना फाशीची शिक्षा सुनावली. माहेरचे नाव प्रेमाने घेताना हा डाग झाकून ठेवणे आम्हाला जमत नाही. म्हणून सांगतो, आपल्या घरात आपल्या कष्टाचे गोड शिजणे ही आमच्या पिढीला साधी गोष्ट वाटत नाही.

आता सूनबाईच्या प्रश्नाकडे येऊ. धम्म स्वीकारल्यावर दिंड करावे की नाही?

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देवदेवता न मानण्याची, त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. खाण्यापिण्याची म्हणून जी बंदी आहे, ती दारूची. पुरणावर बंदी नाही. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे कारण सांगितले. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भूमीत राहत होते, हे ते कारण. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथातही त्यांनी नाग लोकांविषयी विस्ताराने लिहिले आहे. म्हणजे ज्या नागाला लोक दूध पाजायला निघतात तो साप, आणि बाबासाहेब सांगतात ते नाग माणसे! आपल्या इतिहासातला नाग वारुळात शोधायचा नाही. तथागतांवर पावसात फणा धरणाऱ्या मुचलिंद नागराजाची कथा आपण मुलांना सांगतो. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर नागराजा आणि त्याची राणी दगडात बसलेली आहेत, तीही माणसाच्या रूपातच. मुलांना घेऊन लेणी पाहायला जाल तेव्हा ते शिल्प जरूर दाखवा.

सापाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण श्रावणात रानात आपल्याच बाया असतात. साप दूध पिऊन जगणारा प्राणी नाही. त्याला पकडून खेळवणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे. चावा झाला तर मांत्रिक नको, कापून रक्त काढणे नको, घट्ट दोरी बांधणे नको. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर उतारा म्हणून प्रतिविषाचे इंजेक्शन तिथेच मिळते. पंचमीला इतके जरी चार बायांना सांगितले, तरी तो दिवस कारणी लागला म्हणायचे.

आता पुन्हा चिनी गोळ्याकडे. त्याच्या जन्माची एक दंतकथा चीनमध्ये सांगतात. तिसऱ्या शतकात झूगे लियांग नावाचा सेनापती मोहिमेवरून परतत होता. वाटेतली नदी खवळलेली. तिला शांत करायला माणसांची मुंडकी वाहावी लागतील, असे त्याला सांगण्यात आले. त्याने माणसे मारायला नकार दिला. पिठाचे गोळे करून, आत मांस भरून, तेच नदीला वाहिले. दंतकथा ती दंतकथाच. पण नरबळीच्या जागी कणकेचा गोळा ठेवणारा माणूस लोकांनी लक्षात ठेवला, हे आम्हाला आवडले.

त्याहून आवडली ती जपानची कथा. चौदाव्या शतकाच्या मध्यास एका झेन भिक्खूंबरोबर लिन नावाचा चिनी माणूस जपानला आला आणि नारा शहरात राहिला. चिनी गोळ्यात मांस असे, आणि विहारातले भिक्खू मांस खात नसत. म्हणून त्याने आत लाल कडधान्याचे पुरण भरले. जपानचा मान्जू नावाचा गोड पदार्थ तिथून सुरू झाला, असे तिथली परंपरा सांगते. नारा शहरात त्या माणसाच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी १९ एप्रिलला उत्सव होतो. एका स्वयंपाक्याने भिक्खूंच्या ताटाचा विचार केला आणि साऱ्या देशाला गोड घास मिळाला.

सातव्या शतकात ह्युएनत्संग चीनहून चालत आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला आणि इथल्या विहारांचे वर्णन लिहून गेला. त्याने इथे दिंड खाल्ले, असे सांगण्याचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही. पुराव्याविना बोलणे आपल्याला शिकवलेले नाही. पण गहू, कडधान्य, गोडवा आणि वाफ या चार गोष्टी हाताशी असल्या, म्हणजे सोनईची बाई आणि चीनची बाई वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचतात. पदार्थाला देव लागत नाही, शहाणपण लागते.

हे सारे आम्ही सूनबाईला एका बैठकीत सांगितले असे नाही. थोडे थोडे सांगितले. ती म्हणाली, "मग दिंड पंचमीलाच कशाला हवेत?" हाही प्रश्न बिनतोड! आम्ही म्हटले, "बरोबर आहे. नकोतच."

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. भन्ते आले तर दुपारी बाराच्या आत भोजनदान होते. तथागतांना संबोधीनंतर तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी सातू आणि मधाचे गोळे दिले, हे आपण वाचतोच. तेव्हा गोडाचा घास धम्माला परका नाही. श्रावण पौर्णिमेला सूनबाईने दिंड केले आणि विहारात नेले. तिने केले कसे ते इथे देतो. पाच-सहा माणसांना पुरते.

एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन-तीन तास भिजवून मऊ शिजवावी. वरचे पाणी काढून घ्यावे. ते फेकू नये, त्याची कटाची आमटी होते. डाळीत एक वाटी ठेचलेला गूळ घालून घट्ट होईपर्यंत आटवावे. पळी मध्यभागी उभी राहिली, म्हणजे पुरण झाले असे समजावे. वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ घालून गरम असतानाच वाटावे. दीड वाटी गव्हाच्या पिठात मीठ आणि दोन चमचे तेल घालून पोळीपेक्षा किंचित घट्ट कणीक मळावी व अर्धा तास झाकून ठेवावी. पुरीएवढी पारी लाटून मध्ये चमचाभर पुरण ठेवावे. आधी दोन बाजू एकमेकींवर, मग उरलेल्या दोन बाजू त्यांच्यावर अशा मुडपाव्यात, म्हणजे चौकोनी पाकीट होते. चाळणीला तेलाचा हात लावून दिंड थोडे अंतर ठेवून मांडावेत. खालचे पाणी खळखळ उकळल्यावरच चाळणी ठेवावी आणि बारा ते पंधरा मिनिटे वाफवावे. झाकणाला फडके बांधावे, नाहीतर वाफेचे पाणी टिपकून दिंड चिकट होतात. गरम असतानाच तूप घालून किंवा गुळवणीबरोबर वाढावेत.

विहारात ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांच्याच ताटात सूनबाईने पहिले दिंड वाढले. ताईंनी खाल्ले आणि म्हणाल्या, "आमची आईपण करायची गं. दीक्षेनंतर घरात कुणी केलंच नाही." पुढे काही बोलल्या नाहीत. आणखी एक मागून घेतले.

नातवासाठी सूनबाईने या वेळी चार दिंड डब्यात बाजूला काढून ठेवले होते. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला मित्रांना घेऊन येतो. चिनी दिंड त्यांनी खाऊ घातलं, आता सोनईचं आपण घालू."

आम्ही डाळीचा डबा पुन्हा भरून ठेवला आहे.